एकच रस्ता, दोन कायदे

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याची राजधानी डेन्व्हर. तिथे भर रस्त्यावर गांजाचे दुकान असते आणि त्यात चोरीछुपे असे काहीही नसते. दारावर पाटी, भिंतीवर राज्य सरकारचा परवाना, गिऱ्हाइकाने वयाची एकवीस वर्षे पुरी केली आहेत की नाहीत हे ओळखपत्र पाहून तपासणारा माणूस आणि पावतीवर कराचा आकडा. गिऱ्हाईक पुडी घेऊन गाडीत बसते आणि दीड-दोन तासांत रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून आत शिरते. उद्यान कोलोराडोतच आहे, पण त्या जमिनीवर सत्ता चालते केंद्र सरकारची. तिथे खिशातली तीच पुडी गुन्ह्याचा पुरावा ठरते.

खरे पाहता गुन्हा फाटकापाशी सुरू झालेलाच नाही. केंद्राच्या कायद्याने दुकानातला व्यवहारही गुन्हाच होता. दुकानात केंद्राचा माणूस पकडायला आला नाही, एवढाच काय तो फरक! गुजरातेत दारूबंदी आणि शेजारच्या दमणमध्ये दारू खुली, हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. पण तिथे दोघांच्या मध्ये एक सीमा आहे. अमेरिकेत एकाच जमिनीवर, एकाच माणसाला, एकाच वेळी दोन सरकारांचे दोन उलट कायदे लागू आहेत. २०२४ च्या अखेरीस २४ राज्यांनी प्रौढांना हौसेखातरही गांजा घेण्याची मोकळीक दिलेली होती. हा घोळ झाला कसा, आणि त्याची किंमत कोण मोजतो?

सहा रोपांचा खटला

१९७० साली, रिचर्ड निक्सन राष्ट्राध्यक्ष असताना, अमेरिकेच्या संसदेने म्हणजे काँग्रेसने अमली पदार्थांच्या नियंत्रणाचा कायदा केला. त्यात पदार्थांचे पाच वर्ग पाडले. पहिला वर्ग सर्वांत कडक. गैरवापराचा धोका मोठा आणि औषध म्हणून मान्यता नाही, अशा पदार्थांचा. गांजाला या वर्गात हेरॉइनच्या शेजारी बसवण्यात आले, तर कोकेनला दुसऱ्या वर्गात जागा मिळाली. याच कायद्याखाली रेमंड शेफर यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला गेला. स्वतःपुरता थोडा गांजा बाळगणे हा गुन्हा मानू नये, असे या आयोगाने १९७२ साली सुचवले. निक्सन यांनी ते मानले नाही आणि अहवाल बाजूला पडला.

पहिली मोठी फट पाडली ती कॅलिफोर्नियाने, १९९६ साली. सॅन फ्रान्सिस्कोत एड्सची साथ जोरात होती. अन्न न चालणाऱ्या, वेदनांनी तळमळणाऱ्या रुग्णांना गांजाने थोडा आराम पडतो, असा अनेकांचा अनुभव होता. मतदारांनी थेट कौल देऊन औषधापुरती परवानगी दिली. मग २००२ च्या ऑगस्टमध्ये त्या राज्यातल्या ओरोव्हिल गावी एक विचित्र प्रसंग घडला. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने त्रासलेल्या एका बाईने घरी सहा रोपे लावली होती. स्थानिक पोलिसांनी पाहिले आणि राज्याच्या कायद्यात हे बसते असे सांगितले. केंद्राच्या अधिकाऱ्यांना ते मान्य नव्हते. तीन तास हुज्जत चालली आणि अखेर ती सहा रोपे उपटून नष्ट करण्यात आली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २००५ साली न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी केंद्राच्या बाजूने निकाल दिला. राज्याराज्यांमधल्या व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार घटनेने काँग्रेसला दिला आहे आणि घरच्या घरी लावलेल्या रोपांचाही एकूण बाजारावर परिणाम होतो, असा त्याचा आधार. या तर्काचे मूळ १९४२ सालच्या एका गव्हाच्या खटल्यात होते. शेतकऱ्याने घरी वापरायला पिकवलेला गहूसुद्धा केंद्राच्या नियंत्रणाखाली येतो, असे तेव्हा ठरले होते.

मग राज्यांचे कायदे टिकले कसे? त्याचे उत्तर अमेरिकी संघराज्याच्या रचनेत आहे. केंद्र आपल्या माणसांकरवी आपला कायदा राबवू शकते. राज्याच्या पोलिसांना मात्र त्या कामाला जुंपू शकत नाही. बंदुकांच्या संदर्भातल्या एका खटल्यात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. अमली पदार्थांविरुद्ध काम करणाऱ्या केंद्रीय खात्याकडे साऱ्या देशासाठी अधिकारी आहेत काही हजार. राज्याच्या पोलिसांनी हात काढून घेतला, की दिल्लीचा, म्हणजे तिथल्या वॉशिंग्टनचा, कायदा पुस्तकात राहतो आणि रस्त्यावर त्याचे बळ ओसरते.

सवड आणि हक्क

२०१२ च्या नोव्हेंबरात कोलोराडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी औषधाचे निमित्तही बाजूला ठेवले. २०१३ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय न्याय खात्याने आपल्या वकिलांना एक पत्रक धाडले. लहान मुलांच्या हाती गांजा पडत नसेल, गुन्हेगारी टोळ्यांना पैसा जात नसेल, माल दुसऱ्या राज्यात वाहत नसेल, तर अशा राज्यांत फारसे लक्ष घालू नये, असा त्याचा आशय. त्या पत्रकाच्या भरवशावर लोकांनी दुकाने थाटली. २०१८ च्या जानेवारीत नव्या ॲटर्नी जनरलनी ते पत्रक रद्द केले! कायद्याचे एक अक्षरही बदलले नव्हते. औषधी गांजापुरते एक कलम काँग्रेसने २०१४ पासून अर्थसंकल्पात घातले, पण तेही वेळोवेळी नव्याने मंजूर करून घ्यावे लागणारे. राज्याने दिला तो हक्क. केंद्राने दिली ती नुसती सवड, आणि सवड केव्हाही काढून घेता येते.

पक्षांचे राजकारणही इथे उलटेपालटे झाले. राज्यांच्या अधिकारांचा घोष एरवी करणाऱ्या नेब्रास्का आणि ओक्लाहोमा या राज्यांनीच २०१४ साली शेजारच्या कोलोराडोविरुद्ध केंद्राच्या कायद्याचा दाखला देत सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. न्यायालयाने २०१६ साली ते प्रकरण ऐकण्यास नकार दिला. पुढे २०१८ साली ओक्लाहोमाच्या आणि २०२४ साली नेब्रास्काच्या मतदारांनी स्वतःच औषधी गांजाला कौल दिला.

किंमत कोणाला?

बँका केंद्राच्या कायद्याला भिऊन असतात, म्हणून बहुतेक मोठ्या बँकांनी या धंद्याची खाती नाकारली. लाखोंचा व्यवहार रोखीत, आणि रोकड म्हणजे दरोड्याला आमंत्रण. १९८२ च्या एका करकलमाने पहिल्या दोन वर्गांतल्या पदार्थांच्या विक्रेत्याला दुकानाचे भाडे आणि नोकरांचे पगार यांची वजावट नाकारली. मूळ रोख काळ्या धंद्यावर होता. फटका बसला परवानाधारकांना. २००५ च्या निकालात केंद्राविरुद्ध मत नोंदवणारे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी २०२१ साली कोलोराडोच्याच एका करप्रकरणाच्या निमित्ताने केंद्राच्या या अर्धवट धोरणावर कठोर टीका केली.

दुकानदार तरी वकील नेमू शकतो. साध्या माणसाचे काय? कोलोराडोतला एक तरुण अपघातानंतर हातापायांनी पंगू झाला होता. तो एका कंपनीत टेलिफोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्याचे काम करी. राज्याच्या परवान्याने तो घरी, कामाच्या वेळेबाहेर, औषध म्हणून गांजा घेई. तपासणीत ते आढळले आणि त्याची नोकरी गेली. कामाच्या वेळेबाहेर केलेल्या कायदेशीर गोष्टीसाठी कुणाला काढता येणार नाही, असे राज्याचा कायदा सांगतो. पण ‘कायदेशीर’ म्हणजे दोन्ही सरकारांच्या दृष्टीने कायदेशीर, असे २०१५ साली कोलोराडोच्याच सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

आणि इथे हा प्रश्न आपल्या घरांपर्यंत येतो. पुण्या-मुंबईतली, नागपूर-नाशिकची कितीतरी मुले-मुली आज तिथे शिकत आहेत, नोकरी करत आहेत. त्यांचा व्हिसा, ग्रीन कार्ड आणि पुढे नागरिकत्व हे सारे केंद्र सरकारच्या हातात. राज्यात गांजा वैध असला तरी केंद्राचा नियम मोडल्याने नागरिकत्वासाठी लागणाऱ्या ‘सद्वर्तना’ला बाधा येऊ शकते, असे नागरिकत्व खात्याने २०१९ च्या एप्रिलमध्ये लेखी बजावले. अशा परवानाधारक धंद्यात नोकरी करणेही त्यात आले. खटला नाही, शिक्षा नाही, केवळ ‘हो, मी घेतला होता’ अशी कबुली दिली तरी परदेशी माणसाला प्रवेश नाकारला जाऊ शकतो. गोऱ्या मित्राबरोबर त्याच दुकानात त्याच दिवशी गेलेल्या आपल्या मुलासाठी कायदा वेगळा ठरतो, कारण मित्र नागरिक आहे.

गांजा निरुपद्रवी आहे, असे यातून कोणी समजू नये. आजचा माल पूर्वीपेक्षा कितीतरी तीव्र आहे आणि वाढत्या वयाच्या मेंदूवर होणाऱ्या परिणामांची डॉक्टरांना वाटणारी काळजी खरी आहे. पण हानी किती हे मोजण्याचे कामही या घोळाने रखडवले. १९६८ पासून २०२१ पर्यंत संशोधनासाठी केंद्रमान्य गांजा पिकत होता तो एकट्या मिसिसिपी विद्यापीठाच्या शेतात.

आपल्या १९८५ च्या कायद्याबद्दल अनेक तक्रारी करता येतील. पण गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, अशी व्याख्या करून त्याने नुसती पाने वेगळी काढली आणि त्यामुळे भांगेचा निर्णय राज्यांकडे राहिला. रेषा चुकीची असेल, पण ती कायद्यात लिहिलेली आहे. अमेरिकेने ती लिहिलीच नाही. २०२४ च्या मे महिन्यात न्याय खात्याने गांजा पहिल्या वर्गातून तिसऱ्या वर्गात नेण्याचा प्रस्ताव मांडला, आणि २०२५ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ते काम वेगाने पुरे करण्याचा आदेश दिला. त्याने कराचा जाच सुटेल, संशोधन सोपे होईल. पण तिसऱ्या वर्गातली औषधेसुद्धा डॉक्टरच्या चिठ्ठीवर, औषधाच्या दुकानातच मिळायची असतात. डेन्व्हरच्या त्या दुकानाला वर्ग बदलल्याने केंद्राचा परवाना मिळत नाही. तो मिळवून देणे काँग्रेसच्याच हाती आहे.

तोवर भिंतीवरच्या परवान्याखाली एक न लिहिलेली ओळ राहणारच: वरच्या सरकारचे लक्ष जाईपर्यंत. ती ओळ वाचायला तिथला नागरिक विसरला तरी एक वेळ चालते. दूर देशी शिकायला गेलेल्या मुलाला ती विसरून चालत नाही. पुढच्या रविवारी फोन येईल तेव्हा जेवणखाण आणि थंडीच्या चौकशीबरोबर आई-वडिलांनी हेही एकदा सांगून ठेवावे.