जे अवयव आहेत, त्यांची काळजी
(लेखमाला : देह आपला, भाग ६)

मागच्या भागात आपण ट्रान्स स्त्रियांच्या हार्मोन उपचारांची माहिती घेतली. आज त्यापुढचा टप्पा. योनिमार्ग तयार करण्याची शस्त्रक्रिया झाली, टाके सुकले, सर्जननी घरी सोडलं. त्यानंतर वर्षानुवर्षं या शरीराकडे कोण बघणार? खरं तर गावातली किंवा वस्तीजवळची स्त्रीरोगतज्ज्ञ हे सहज करू शकते. पण ओपीडीत केसपेपर हातात येतो, शेवटच्या पाळीची तारीख विचारली जाते आणि दोघीही गप्प होतात. एकीला काय सांगावं कळत नाही, दुसरीला काय विचारावं. ही कोंडी माहितीने फुटते. म्हणून आधी शरीररचना पाहू.

आत काय असतं, काय नसतं

आजही सर्वाधिक वापरात असलेली पद्धत जॉर्ज ब्युरू या फ्रेंच स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९५०च्या दशकात मोरोक्कोतल्या कासाब्लांका शहरात विकसित केली. तिच्यात वृषण काढतात. मूत्राशय आणि मलाशय यांच्यामध्ये जागा करतात आणि शिश्नाची त्वचा, शर्टाची बाही उलटी करावी तशी, आत वळवून त्या जागेला अस्तर देतात. शिश्नाच्या टोकाचा काही भाग नसा आणि रक्तवाहिन्यांसकट राखून त्याची शिश्निका घडवतात, त्यामुळे संवेदना टिकते. बाहेरचे ओठ प्रामुख्याने अंडकोशाच्या त्वचेतून होतात. मूत्रमार्ग आखूड केला जातो.

गर्भाशय, गर्भाशयाचं तोंड आणि बीजांडकोष नसतात. प्रोस्टेट ग्रंथी मात्र असते. ती काढायला गेलं तर लघवीवरचा ताबा जाण्याची भीती असते, म्हणून सर्जन तिला हात लावत नाहीत.

काही जणींच्या बाबतीत अस्तरासाठी मोठ्या आतड्याचा तुकडा वापरतात, काहींच्यात पोटाच्या आतलं पातळ आवरण. काही जणी फक्त बाहेरची रचना करून घेतात. आतला मार्ग नसतोच. म्हणून डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘शस्त्रक्रिया कोणत्या पद्धतीने झाली?’ हा असायला हवा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

तपासणीच्या टेबलावर

पॅप स्मिअर हा गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीचा तपास. तो अवयवच नसेल तर तो करायचं कारण नाही. पण आत डोळ्यांनी पाहणं आवश्यक असतं : चामखीळ, व्रण, अरुंद झालेली जागा, रक्त येणारा लालसर मांसल भाग. हा मार्ग थोडा वेगळ्या कोनात, पाठीकडे जास्त झुकलेला असतो आणि त्याला तितका ताण सोसत नाही. लहान आकाराचं स्पेक्युलम, भरपूर जेल आणि सावकाश हात, एवढं जमलं की तपासणी फारशी दुखत नाही.

प्रोस्टेट या मार्गाच्या पुढच्या बाजूला असते, त्यामुळे बोटाने ती योनिमार्गातूनच तपासता येते. रक्तातली पीएसए तपासणी केलीच तर एक गोष्ट लक्षात हवी. इस्ट्रोजेनमुळे हा आकडा बराच खाली येतो. लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल’ छापलेला आकडा या रुग्णासाठी जास्त असू शकतो.

नेहमीच्या तक्रारी

‘अंगावरून जातंय’ ही तक्रार इथेही येते, पण कारणं वेगळी असतात. त्वचेच्या अस्तरात मृत पेशी, तेलकट स्राव आणि उरलेलं जेल साठतं. तिथले जिवाणूही वेगळे असतात, म्हणून अंदाजाने नेहमीच्या गोळ्या लिहून देण्यात अर्थ नाही. हा मार्ग स्वतःची सफाई स्वतः करत नाही. म्हणून इतर स्त्रियांना जे करू नका असं आपण सांगतो, ते आतून धुणं, इथे सर्जनच्या सूचनेनुसार अधूनमधून करावं लागतं. आतड्याचं अस्तर असेल तर चिकट स्राव कायमच राहतो. तो आजार नव्हे.

पहिल्या काही महिन्यांत जखम भरताना लालसर, लगेच रक्त येणारं मांस वाढतं. ओपीडीतच सिल्व्हर नायट्रेट लावून ते बरं होतं. मूत्रमार्ग आखूड असल्याने लघवीचा जंतुसंसर्ग होऊ शकतो. मात्र योनिमार्गातून वारा किंवा शौच येऊ लागलं, तर मलाशयाला भोक पडल्याची शक्यता असते. तेव्हा थांबू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

डायलेटर

ताजा मार्ग आक्रसू पाहतो. तो मोकळा ठेवण्यासाठी गुळगुळीत डायलेटर पाण्यात विरघळणारं जेल लावून आत ठेवावा लागतो. पहिले तीन महिने दिवसातून साधारण तीन वेळा, मग हळूहळू कमी करत आठवड्यातून एक-दोनदा. सर्जनप्रमाणे वेळापत्रक बदलतं. एका खोलीत चारजणी राहतात तिथे यासाठी बंद दार आणि अर्धा तास मिळणं सोपं नसतं. म्हणून ‘नियमित करता का?’ असं दरडावण्यापेक्षा ‘घरी जागा मिळते का?’ असं विचारावं.

निर्वाण झालेल्यांचं काय?

आपल्याकडे हिजडा समाजात ‘निर्वाण’ होतं, तेव्हा शिश्न आणि वृषण काढले जातात, योनिमार्ग केला जात नाही. यांची मोठी तक्रार लघवीची : छिद्र आक्रसतं, धार बारीक होते, जोर लावावा लागतो. हा त्रास सोसत बसण्याचा नाही, त्यावर उपाय आहेत. वृषण गेल्यावर शरीर स्वतःची पुरेशी हार्मोन्स बनवत नाही. बाहेरूनही मिळाली नाहीत तर हाडं ठिसूळ होतात. त्यावर दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनाने घेणं धोक्याचं, कारण त्यातल्या इस्ट्रोजेनने शिरांमध्ये रक्ताच्या गाठी होऊ शकतात. प्रोस्टेट यांच्याही शरीरात असतेच.

दोघींनी करायचं ते

२०१९ सालच्या तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्करक्षणाच्या कायद्याने त्यांच्या आरोग्यप्रश्नांसाठी वैद्यकीय अभ्यासक्रमाचा आढावा घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. पुस्तकं बदलतील तेव्हा बदलतील. तोवर रुग्णांना ताटकळत ठेवता येणार नाही. डॉक्टरांनी तपासण्याआधी विचारावं, शरीराच्या भागांसाठी त्या कोणते शब्द वापरतात. परवानगीशिवाय विद्यार्थी किंवा नर्स यांना ‘बघायला’ बोलावू नये. जी तक्रार घेऊन आल्या, तिचंच बोलावं. सर्दीसाठी आलेल्या बाईला शस्त्रक्रियेचे प्रश्न नकोत.

आणि ताईंनो, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. पद्धत, तारीख आणि काय काढलं, काय ठेवलं हे त्यावर लिहिलेलं नसेल तर सर्जनकडून लिहून घ्या. मोबाइलमध्ये त्याचा फोटो असू द्या. रात्री-अपरात्री अनोळखी डॉक्टरसमोर जायची वेळ आली, तर सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागणार नाही.

(पुढच्या भागात : हार्मोन्सनंतर वाढलेल्या स्तनांची तपासणी, कधी आणि कशी)