झाकण हे माप नाही, राजेहो!



सोयाबीनवर खोडमाशी आणि चक्रीभुंग्याची फवारणी सुरू आहे. रोज फोन येतो, "भाऊ, पंपाले किती झाकणं टाकू?" आज त्याचंच उत्तर देतो, जरा सविस्तर.

परवा एका सभासदाच्या कोठ्यात तीन औषधांच्या बाटल्या होत्या. हातमोजे घालून तिन्ही झाकणं पाण्यानं भरली अन् मोजली. एकात ७ मिली बसलं, दुसऱ्यात १२, मोठ्या बाटलीच्या झाकणात २५. आणि हा भाऊ तिन्हीले "एक झाकण" म्हणत होता. पंपाचंही तसंच. जुना १५ लिटरचा होता, यंदा बॅटरीचा २० लिटरचा घेतला, औषध मात्र तेवढंच. बाजारात १६ अन् १८ लिटरचेही पंप आहेत. म्हणून "पंपाले इतकं" हेही माप नाही.

आपल्या आज्या दूध शेर-पावशेरानं मोजत. एका बाजारातला शेर दुसऱ्या बाजारात जुळायचा नाही, म्हणून तर १९५६ च्या कायद्यानं देशभर लिटर-किलो आले. दुधात पावशेराचा फरक पडला तर भांडण व्हायचं, बस. औषधात फरक पडला तर पीक करपते, नाही तर माणूस जाते. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणं बरीच होती, पण अंदाजानं औषध टाकायची सवय आपल्याकडे अजून तशीच आहे.

आता हिशोब. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची शिफारस बहुतेक वेळा १० लिटर पाण्यासाठी लिहिलेली असते. क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससी घ्या. १० लिटरला ३ मिली. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला साडेचार मिली, २० लिटरच्याला ६ मिली. एकरी २०० लिटर पाणी धरलं तर १५ लिटरचे साधारण १३ पंप लागतात आणि ६० मिलीची बाटली बरोबर एकराला पुरते. तेच १२ मिलीच्या झाकणानं टाकलं तर बाटली पाचच पंपांत खाली! मग दुकानदाराले शिव्या द्यायच्या, की औषध कमी भरते म्हणून.

लेबलवर मात्रा हेक्टरी असते, हेही पाहा. १५० मिली हेक्टरी म्हणजे एकरी ६०. हेक्टरचा आकडा एकरात ओतला तर अडीचपट औषध जाते.

दारूच्या रिकाम्या क्वार्टरनं मोजणारेही आहेत. तिला पाव लिटर समजू नका, ती १८० मिलीची असते. अन् विष मोजायला असली बाटली घरात ठेवूच नका, चुकून कोणी तोंडाला लावील. स्वयंपाकघरातला चमचाही नको.

मेडिकलमधून बिनसुईची १० मिलीची सिरिंज आणा. त्यावर लाल रंगानं "विष" लिहा आणि ती औषधासोबतच कुलपात ठेवा. पावडर किंवा दाणेदार औषध मिलीत मोजू नका, ते ग्रॅममध्येच, छोट्या वजनकाट्यावर.

वरचा हिशोब साध्या आणि बॅटरी पंपाचा आहे. पेट्रोल पंपात पाणी कमी लागते, त्याचं गणित वेगळं. तो वापरणाऱ्यांनी आधी मला फोन करा.

फवारताना गरगरलं, मळमळलं, डोळ्यापुढे अंधारी आली तर काम तिथेच थांबवा, कपडे बदला, अंग साबणानं धुवा, १०८ ला फोन लावा. दवाखान्यात जाताना औषधाची बाटली लेबलसकट सोबत न्या.

सोमवारी सकाळी ८ ते ११ आपल्या केंद्रावर पंप धुऊन आणा. लिटरच्या मापानं भरून पाहू अन् टाकीवर पक्क्या रंगानं खूण करून देऊ.