ग्रिल आगीने नाही, राखेने जाते

परवा मावसभावाच्या गच्चीवर गेलो होतो. गेल्या दिवाळीनंतर घेतलेली त्याची कोळशाची ग्रिल उचलायला गेलो, तर तळच सुटून खाली पडला. आत पावसाळ्याआधीची राख, भिजून चिखलासारखी घट्ट बसलेली.

लाकडी कोळशाच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतली ओल धरून ठेवतात आणि त्या ओल्या थराखाली पत्रा गंजत राहतो. म्हणून ग्रिल पूर्ण गार झाली की राख काढायचीच, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. मी रंगकामाचा जुना ब्रश ठेवलाय, कोपऱ्यातलीही निघते.

निखाऱ्यांवर पाणी ओतू नका, तापलेली बिडाची जाळी तडकू शकते. झाकण आणि हवेची भोकं बंद केली की ते आपोआप विझतात. उरलेला कोळसा पुढच्या वेळी चालतो.

जाळी कोमट असतानाच घासा, मग तेलाचा फडका फिरवा. अगदी पातळ हात; जास्त तेल चिकट होतं.

प्लास्टिकचं कव्हर पावसाळ्यात आत ओल कोंडतं. माझी आठ वर्षांची ग्रिल जून ते सप्टेंबर जिन्याखाली उघडीच असते.

तुमच्या ग्रिलला गंज कुठे धरलाय? फोटो टाका, बघून सांगतो.