पेत्रुसची निळी चिकणमाती

उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि दमदार पाऊस झाला की त्या बुजतात. ही करामत स्मेक्टाइट गटातल्या खनिजांची. फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या पोमरोलमध्ये, समुद्रसपाटीपासून जेमतेम 40 मीटर उंचीच्या पठारावर, याच गटातली खनिजे जगातल्या सर्वांत महाग रेड वाइनपैकी एकीच्या मुळाशी आहेत. मळ्याचे नाव पेत्रुस. क्षेत्र साधारण 11.5 हेक्टर, म्हणजे आपले 28 एकर. द्राक्ष जवळपास सगळे मर्लो जातीचे.

तिथली माती निळसर, चिकट. स्मेक्टाइटची रचना वहीच्या पानांसारखी, थरावर थर. पाणी या थरांमध्ये शिरते आणि माती फुगते. फुगलेली माती पुढचे पाणी फारसे आत घेत नाही. त्यामुळे तोडणीच्या तोंडावर जोराचा पाऊस झाला, तरी बरेचसे पाणी उतारावरून वाहून जाते आणि मणी पाणी पिऊन बेचव होत नाहीत. घट्ट चिकणमातीत मुळांना खोल जाता येत नाही, ती वरच्या थरातच पसरतात.

खरी गंमत उन्हाळ्यात. माती ओलावा राखून असते, पण तो इतका आवळून धरते की वेलाला थोडाथोडाच मिळतो. वेल सुकत नाही, मात्र त्याला जाणीव होते की पाणी बेताचे आहे. शेंडे वाढायचे थांबतात आणि पानांनी तयार केलेली साखर घडांकडे वळते. मणी लहान राहतात. रंग आणि टॅनिन सालीत असतात, आणि लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त. पेत्रुसचा गडद रंग आणि दाट चव यांचे बरेचसे उत्तर इथे आहे. मातीतला एखादा क्षार थेट पेल्यात उतरतो, ही विक्रेत्यांची आवडती कथा. तिला शास्त्राचा आधार नाही.

अर्थात मातीलाही मर्यादा आहेत. 1987 मध्ये ओले घड वाळवायला मळ्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होते, तर 1992 मध्ये जमीन प्लॅस्टिकने झाकावी लागली. तोडणी शक्यतो दुपारी करतात, कारण तोवर दव उडून गेलेले असते. बाटलीला काही लाख रुपये मोजणाऱ्याला एवढी काळजी अपेक्षितच असणार!

पण ते लाख रुपये मातीचे, असे मात्र समजू नये. 1969 मध्ये पेत्रुसने शेजारच्या गाझँ मळ्याकडून काही हेक्टर जमीन विकत घेतली. तोवर त्या वेलांची द्राक्षे गाझँच्या नावाने विकली जाणाऱ्या वाइनसाठी वापरली जात. गाझँची बाटली आजही पेत्रुसच्या मानाने कितीतरी स्वस्त मिळते.