लहान आतड्यातील गाठ : आता पोट न फाडता



उसाच्या लागणीवर नि खोडव्यावर लिहिणाऱ्या माणसाने आतड्यांवर का लिहावे, असे काहींना वाटेल. कारण सरळ आहे. गटात फिरताना "साहेब, अंगात रक्तच भरत नाही" हे वाक्य बांधाबांधावर ऐकू येते. त्यावर लोहाच्या गोळ्या, टॉनिक, खजूर, गूळ-शेंगदाणे असे उपाय चाललेले असतात. ते चुकीचे नाहीत. परंतु टाकीत पाणी ठरत नसेल तर मोटर जादा वेळ चालवण्याआधी टाकी कुठे गळते ते आपण पाहतोच की नाही? रक्ताचेही तसेच आहे.

पोटातील गळती बहुधा जठरातील व्रण, मूळव्याध, अनवाणी पायातून शिरणारा आकडी जंत यांपैकी कशाने तरी असते. अंगदुखीच्या गोळ्या रोज चघळणाऱ्यांनाही ती होते, हे कोयता-कुदळ मारणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. डॉक्टर तोंडातून एक दुर्बीण घालून जठर पाहतात आणि गुदद्वारातून दुसरी घालून मोठे आतडे पाहतात. बहुतेकांचे कारण तिथेच सापडते.

पण मधले लहान आतडे सुमारे २० फूट लांबीचे असते. या नेहमीच्या दोन्ही दुर्बिणी त्याच्या फक्त टोकांना पोचतात. मधल्या लांबीत एखादी गाठ असली, तर ती वरून दिसत नाही नि खालूनही दिसत नाही.

आमच्या एका गटातील पन्नाशीच्या सभासदाचे हेच झाले. (नाव देत नाही, तशी त्यांची इच्छा आहे.) हिमोग्लोबिन सातच्या खाली. दोन बाटल्या रक्त चढवले, चार महिन्यांनी पुन्हा तेच. दोन्ही दुर्बिणी झाल्या, दोन्ही निर्मळ. "काही सापडलं नाही म्हणजे काही नाही," असे घरच्यांनी ठरवले आणि वर्ष गेले. या वर्षात हा माणूस स्वतःच्या विहिरीच्या पायऱ्या चढताना तीनदा बसत होता. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी "मधलं आतडं अजून कोणी पाहिलेलं नाही" असे सांगितले, तेव्हा कुठे गाडी हलली.

मधले आतडे पाहण्याचा एक मार्ग म्हणजे कॅमेऱ्याची गोळी. ही २००१ सालापासून वापरात आली. मोठ्या कॅपसूलएवढी गोळी पाण्याबरोबर गिळायची. ती वाटेने हजारो फोटो काढत जाते आणि शौचावाटे पडून जाते. मात्र आतडे कुठे आवळलेले असेल, उदाहरणार्थ जुन्या क्षयाने, तर गोळी तिथे अडकते. म्हणून पूर्वी आतड्याचा क्षय होऊन गेला असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. शिवाय गोळी नुसती बघते, कापत नाही.

कापणारी दुर्बीण जपानमध्ये निघाली. जिची वैद्यकीय विद्यापीठाचे डॉ. हिरोनोरी यामामोतो यांनी २००१ साली तिची पद्धत प्रसिद्ध केली. दुर्बीण साधारण दोन मीटरची असून तिच्यावर एक मऊ नळी असते. दोन्हींच्या टोकाला एकेक फुगा असतो. एक फुगा फुगवून आतडे आतून धरायचे, दुसऱ्याने पुढे सरकायचे, मग दोन्ही फुगवून हळूच मागे ओढायचे. लेंग्याच्या नेफ्यात पिन लावून नाडी ओवताना आपण कापड चुणून मागे घेतो ना, अगदी तसेच आतडे नळीवर चुणत जाते. म्हणून दोन मीटरच्या दुर्बिणीने कितीतरी जास्त आतडे पाहून होते. कधी तोंडातून, कधी खालून, कधी दोन्हीकडून जावे लागते. गुंगी किंवा भूल दिलेली असते. पूर्वी इतके खोल जायचे तर पोट उघडूनच दुर्बीण ओवावी लागे.

गाठ दिसली की तिच्या बुडाशी सुईने मिठाचे पाणी सोडतात, म्हणजे ती भिंतीपासून वर उचलली जाते. मग तारेचा फास टाकून आवळतात नि विजेच्या प्रवाहाने छाटतात. त्या विजेनेच रक्तही थांबते. या आतड्याची भिंत दोन-तीन मिलिमीटरची, त्यामुळे भोक पडण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका असतोच. जठराला लागून असलेल्या पहिल्या वीतभर भागात पित्त नि पाचक रस जखमेवर येतात, तिथे तो अधिकच. हे काम सराव असलेल्या हातांचेच आहे, आणि ते मोठ्या शहरांतील निवडक इस्पितळांतच होते.

सगळ्याच गाठी अशा निघत नाहीत. लहान, वरच्या अस्तरातल्या, साध्या गाठी निघतात. भिंतीच्या स्नायूतून वाढलेली किंवा खोल रुजलेली कर्करोगाची गाठ असेल तर शस्त्रक्रियाच लागते. तेव्हा दुर्बिणीतून तुकडा घेतात आणि जागेवर शाईची खूण करून ठेवतात, म्हणजे सर्जनला शोधाशोध करावी लागत नाही. तसा या आतड्यात कर्करोग कमीच. पचनमार्गातील कर्करोगांपैकी शंभरात पाचही इथले नसतात.

आईवडिलांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. काही घराण्यांत लहानपणीच ओठांवर, गालाच्या आतून काळपट ठिपके येतात आणि लहान आतड्यात गाठी वाढतात. याला प्यूट्झ-जेगर्स विकार म्हणतात. बाप किंवा आई यांना असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. मोठी गाठ असली की आतडे आतड्यात शिरते, मूल पोट धरून लोळते आणि रातोरात ऑपरेशन करावे लागते. म्हणून साधारण आठव्या वर्षापासून तपासणी सुरू करतात आणि दीड-दोन सेंटिमीटरच्या गाठी दुर्बिणीनेच काढून टाकतात. ओठावरचे ठिपके वयाबरोबर फिके होतात, गाठी मात्र राहतात. प्रत्येक ठिपका म्हणजे हाच रोग नव्हे, पण घरात कुणाचे असे ऑपरेशन झाले असेल तर विचारून घ्यावे.

शौचास डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, म्हणून गोळ्या चालू असल्याचे सांगावे. आधीच्या दोन्ही दुर्बिणींचे कागद, रक्ताचे सगळे रिपोर्ट जपून बरोबर न्यावेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगावी, मनाने बंद करू नये.

आमच्या सभासदांची गाठ सव्वा तासात निघाली, तिसऱ्या दिवशी ते घरी आले. तपासणीत गाठ साधी निघाली. डॉक्टरांनी दोन आठवडे ओझे उचलू नका आणि शौचाचा रंग रोज बघा, असे बजावले होते, कारण खपली सुटताना उशिरानेही रक्त जाऊ शकते.

— ऊस विकास अधिकारी