उन्हात तापून आलेला खाऊ खावा की टाकावा? उत्तर पदार्थातील ओलाव्यात

नवी दिल्ली : दुपारची वेळ, पारा चाळिशीच्या पुढे आणि दाराशी आलेले खोके हाताला चटका बसावा इतके तापलेले. आत वेफर्सच्या पिशव्या, बिस्किटांचे पुडे, शेंगदाण्याची चिक्की आणि चॉकलेटची वडी. उन्हाळ्यात देशातील असंख्य घरांत हे दृश्य दिसते आणि त्याबरोबर एक प्रश्नही उभा राहतो : हा खाऊ मुलांच्या हाती द्यावा की कचऱ्यात टाकावा?

बहुतेक कोरड्या पदार्थांच्या बाबतीत उत्तर दिलासा देणारे आहे. काही तासांच्या उष्णतेने ते चवीला उतरतात, पण विषारी होत नाहीत. मात्र त्याच खोक्यातून आलेल्या काही पदार्थांना हा नियम लागू पडत नाही आणि चूक होते ती तेथेच.

गुळपोळी टिकते, पुरणपोळी का टिकत नाही?

संक्रांतीची गुळपोळी डब्यात अनेक दिवस चांगली राहते. होळीची पुरणपोळी मात्र उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत आंबते. गोडवा दोन्हींत आहे, फरक ओलाव्याचा आहे. जिवाणूंच्या वाढीला उष्णतेइतकीच पाण्याची गरज असते, आणि तेही त्यांना वापरता येईल अशा मोकळ्या पाण्याची. साखर व मीठ पाण्याला बांधून ठेवतात, तळणे व भाजणे ते उडवून लावते.

अन्नशास्त्रात हे मोकळे पाणी शून्य ते एक या मापाने मोजतात. शुद्ध पाण्याचा अंक एक. बहुतेक जिवाणूंना वाढण्यासाठी सुमारे ०.९१ च्या वरचा अंक लागतो. अन्नविषबाधा घडविणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा चिवट जिवाणूही ०.८५ च्या खाली सहसा तग धरून वाढत नाही. ०.६० च्या खाली तर बुरशीसह कोणत्याही सूक्ष्मजीवाची वाढ थांबते. वेफर्स, कुरकुरीत बिस्किटे, खाकरा, कोरडी शेव यांचा अंक याहूनही पुष्कळ कमी असतो. त्यामुळे गाडीत तापमान ५० अंश सेल्सिअसवर गेले, तरी या पदार्थांत जिवाणूंची वाढ सुरू होत नाही.

याचा अर्थ कोरडा पदार्थ नेहमीच निर्जंतुक असतो, असा नाही. अमेरिकेत २००८-०९ मध्ये शेंगदाण्याच्या लोण्यातून पसरलेल्या साल्मोनेलामुळे ७१४ जण आजारी पडल्याची आणि नऊ जणांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. साल्मोनेला कोरड्या व तेलकट पदार्थात वाढत नाही, पण महिनोन् महिने जिवंत राहू शकतो. तेथे दोष कारखान्यातील अस्वच्छतेचा होता, वाहतुकीतील उन्हाचा नव्हता.

उष्णता बिघडविते ती चव

उन्हाचा खरा मारा स्निग्धांशावर होतो. तेल, तूप, शेंगदाणे, काजू यांतील स्निग्ध पदार्थांची हवेतील प्राणवायूशी क्रिया होऊन ते खवट होतात. हे टाळण्यासाठीच वेफर्सच्या पिशवीत साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरतात. तापमान दर १० अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो.

हे गणित ग्राहकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. ३० अंशांऐवजी ५० अंशांत एखादा पुडा आठ तास राहिला, तर त्याचे वय सुमारे ३२ तासांनी वाढले असे समजावे. चार-सहा महिन्यांची मुदत असलेल्या पदार्थासाठी हे नगण्य होय. परंतु तोच पुडा पत्र्याच्या तापलेल्या गोदामात महिनाभर पडून राहिला असेल, तर मुदतीतील चार महिने तेथेच खर्ची पडलेले असू शकतात. म्हणजे काळजी करायची ती शेवटच्या काही तासांची कमी आणि आधीच्या साठवणुकीची अधिक. वारंवार तापविलेल्या तेलात तळलेले फरसाण त्याहूनही लवकर खवट होते.

चॉकलेटची गोष्ट वेगळी. त्यातील कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळते. पुन्हा थंड झाल्यावर पृष्ठभागावर पांढुरकी साय धरल्यासारखा थर दिसतो. ती बुरशी नसते, स्निग्धांश वर येऊन गोठलेला असतो. असे चॉकलेट रवाळ लागते, पण खाण्यास सुरक्षित असते. लाडवातील तूप पाझरणे किंवा चिक्की चिकट होणे यांचेही तसेच.

येथे सावध राहावे

खवा, पनीर, ओले खोबरे, मलई किंवा दुधाचे सारण असलेले पदार्थ टिकाऊ खाऊच्या रांगेत बसत नाहीत, मग ते कितीही आकर्षक खोक्यात येवोत. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा टप्पा अशा अन्नासाठी धोक्याचा मानला जातो. नाशवंत अन्न बाहेर दोन तासांपेक्षा अधिक काळ आणि ३२ अंशांहून जास्त तापमानात एका तासापेक्षा अधिक काळ ठेवू नये, असा अमेरिकी कृषी खात्याचा सल्ला आहे. असा पेढा नंतर शीतकपाटात ठेवून किंवा गरम करून सुरक्षित होत नाही, कारण स्टॅफिलोकॉकसने एकदा तयार केलेले विष उकळूनही सहजी नष्ट होत नाही. ज्या वेष्टनावर ‘थंड ठेवावे’ अशी सूचना असेल आणि वस्तू तापलेली आली असेल, ती परत करावी.

फुगलेल्या पिशवीबाबतही भेद करायला हवा. २५ अंशांवरून ५० अंशांवर जाताना वायूचे आकारमान सुमारे आठ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे तापलेली वेफर्सची पिशवी टम्म दिसते आणि थंड झाल्यावर पूर्ववत होते. परंतु डबाबंद भाजी, तयार आमटीची पाकिटे, दूध किंवा फळरसाचे खोके थंड झाल्यावरही फुगलेले राहिले, तर आत जिवाणूंनी वायू तयार केल्याची ती खूण असू शकते. असे पाकीट चव घेऊन तपासू नये. बोटुलिनम या घातक विषाला रंग नसतो, वास नसतो.

तिसरा शत्रू दमट हवा. शिवण सुटलेल्या किंवा भोक पडलेल्या पिशवीतील खाऊ सादळतो, त्याचा कोरडेपणा जातो आणि बुरशीला वाट मिळते. ओलसर शेंगदाण्यांवर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते आणि ते भाजूनही पूर्णपणे जात नाही. बुरशी दिसलेले वा कडवट लागणारे दाणे निवडून बाकीचे खाण्यापेक्षा सगळेच टाकलेले बरे.

खोके हाती आल्यावर

पुडे सावलीत, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावेत. नंतर वेष्टन अखंड आहे का, ओल आली आहे का, हे पाहावे. उघडल्यावर जुन्या तेलासारखा वास आला किंवा चव कडवट लागली, तर खाऊ नये. लहान मुले, गर्भवती, वृद्ध आणि आजारी व्यक्तींसाठी शंकास्पद वस्तू बाजूला ठेवणेच श्रेयस्कर. बाळाच्या आहाराची पावडर व औषधे यांना खाऊचे नियम लावू नयेत. त्यांच्या वेष्टनावरील तापमानाची मर्यादाच प्रमाण मानावी.

वेष्टनावरील मुदत साठवणुकीच्या सूचना पाळल्या गेल्या असतील तरच खरी ठरते, हेही विसरू नये. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना, ग्राहकाच्या हाती पडताना पदार्थाची किमान ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, असे सांगितले आहे. त्यामुळे खोके उघडताच तारीख पाहण्याची सवय उपयोगी पडते.

तक्रार करायची झाल्यास वेष्टन टाकून देऊ नये. त्याचे छायाचित्र, बिल, बॅच क्रमांक आणि १४ अंकी परवाना क्रमांक जपून ठेवावा. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते. शक्य असेल तेथे उन्हाळ्यात सकाळी किंवा सायंकाळी घरपोच येण्याची वेळ निवडावी. त्याने चॉकलेट वाचते आणि भर उन्हात खोके वाहणाऱ्यालाही थोडी सावली मिळते.