परतीचं तिकीट

१५ मे १९३० रोजी सॅन फ्रान्सिस्कोकडून शिकागोला निघालेल्या बोइंग ८०ए विमानात एक परिचारिका होती. आजारी मात्र कुणीच नव्हतं. प्रवासी धडधाकट होते, फक्त धास्तावलेले होते. वीस तासांचा प्रवास, वाटेत तेरा थांबे, केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नाही, आणि विमान हेलकावलं की पोटातलं बाहेर.

तिचं नाव एलेन चर्च. आयोवातल्या क्रेस्को गावची, नर्सिंग शिकलेली आणि विमान चालवायलाही शिकलेली. बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या कचेरीत ती गेली ती वैमानिकाची नोकरी मागायला. बाईला ती नोकरी मिळण्यातली नव्हती. तेव्हा तिथल्या स्टीव्ह स्टिम्पसन या अधिकाऱ्यापुढे तिनं वेगळाच विचार मांडला : विमानात नर्स ठेवा. बायका बिनधास्त उडताहेत हे पाहून पुरुषांची भीती मोडेल. कंपनीनं आठ जणी घेतल्या. अटी अशा : नोंदणीकृत नर्स, अविवाहित, वय पंचविशीच्या आत, वजन ११५ पौंडांच्या आत, उंची पाच फूट चार इंचांच्या आत. पगार महिना १२५ डॉलर. कामं मात्र वॉर्डातली नव्हती. सामान चढवायचं, खुर्च्यांचे बोल्ट तपासायचे, माश्या मारायच्या, आणि शौचालयाचं दार समजून कुणी बाहेरचं दार उघडत नाही ना, यावर डोळा ठेवायचा. नर्सच्या शिक्षणाचा यात उपयोग किती आणि जाहिरात किती, असा प्रश्न मला दर वेळी पडतो. तरी एक खरं, की नागरी विमानात शिकलेली शुश्रूषा चढली ती अशी, आजाऱ्याशिवाय.

आजारी माणूस आणि नर्स एकाच विमानात बसण्याची युद्धातली गोष्ट सुरू होते कराचीत.

१९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात असलेल्या या शहरात १९४३ साली अमेरिकी लष्कराचं रुग्णालय होतं. तिथल्या लेफ्टनंट एल्सी ऑट या नर्सला जानेवारीत हुकूम आला : पाच रुग्ण घेऊन विमानानं वॉशिंग्टनला जा. तयारीला एक दिवस. ऑट तोवर आयुष्यात कधी विमानात बसलेली नव्हती. पाचांपैकी दोघांचं कमरेखालचं अंग लुळं, एक क्षयाचा, एक काचबिंदूचा आणि एक मनोरुग्ण. म्हणजे एकाला कूस बदलून द्यायची, दुसऱ्याचा खोकला इतरांपासून लांब ठेवायचा आणि तिसऱ्याला सतत बोलण्यात गुंतवायचं. हे सगळं मालवाहू विमानाच्या थंडगार पोटात. अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक, ब्राझील असे मुक्काम घेत साडेसहा दिवसांत ती पोचली. हाच प्रवास जहाजानं तीन महिन्यांचा होता.

मला त्या पराक्रमापेक्षा तिनं नंतर दिलेली यादी जास्त मोलाची वाटते. ऑक्सिजन हवा, मलमपट्टीचं सामान वाढवा, पांघरुणं जास्त द्या, कॉफी जास्त द्या, आणि नर्सला स्कर्टऐवजी पॅन्ट द्या. रुग्णावर ओणवं होऊन, गुडघे टेकून काम केलेल्या बाईचीच ही यादी. सरकारनं तिला एअर मेडल दिलं, हे पदक मिळवणारी ती पहिली स्त्री. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंटकीतल्या बोमन फील्डवरून फ्लाइट नर्सची पहिली तुकडी शिकून बाहेर पडली. एलेन चर्चही लष्करात गेली आणि उत्तर आफ्रिका, सिसिलीतून जखमींना हलवू लागली. तिलाही ते पदक मिळालं.

इकडे नागरी विमानांत उलटंच झालं. नर्स आघाडीवर हव्या होत्या, म्हणून १९४२ च्या सुमारास हवाई सुंदरीसाठी नर्सिंगची अट गळाली. युद्ध संपलं, अट परत आली नाही. शुश्रूषा जाणणारं माणूस केबिनमधून उतरलं ते उतरलंच, आणि नेमक्या त्यानंतरच्या दशकांत आजारी, म्हातारी, तोळामासा प्रकृतीची माणसं विमानात चढू लागली.

दाब राखलेल्या केबिनमुळे प्रवास सुखाचा झाला, पण त्यात एक मेख आहे. विमान ३५,००० फुटांवर असताना आतली हवा जमिनीसारखी नसते, ती जास्तीत जास्त ८,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ असू शकते. आपलं कळसूबाई ५,४०० फुटांचं. म्हणजे दोन तासांत दिल्लीला जाणारा प्रवासी खुर्चीत बसल्या बसल्या कळसूबाईच्याही वर, सिमल्यापेक्षाही थोडा उंच जाऊन येऊ शकतो. निरोगी माणसाच्या रक्तातलं ऑक्सिजनचं सॅचुरेशन नव्वदच्या थोडं वर घुटमळतं आणि त्याला पत्ता लागत नाही. जमिनीवरच ज्याचं ब्याण्णव आहे, त्याचं काय होईल ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट कोंडलेल्या हवेची. घाट चढताना वेफर्सचं पाकीट फुगतं तशी शरीरात आणि उपकरणांत कोंडलेली हवा फुगते, साधारण तिसरा हिस्सा. म्हणून छातीच्या पोकळीत हवा साठलेल्या रुग्णाला उडू देत नाहीत. ताजं प्लास्टर असेल तर ते उभं चिरून घेतात. श्वासनलिकेतल्या नळीचा फुगा हवेऐवजी सलाइननं भरतात, नाहीतर वर गेल्यावर तो श्वासनलिकेच्या अस्तराला दाबतो. ही यादी पुस्तकात मिळते. पुस्तकात न येणारी अडचण म्हणजे इंजिनाची घरघर. स्टेथोस्कोप कानाला लावून छातीतलं काही ऐकू येत नाही. बोटांनी नाडी धरायची, ओठांचा रंग बघायचा, छाती दोन्ही बाजूंनी सारखी वर येते का ते बघायचं. ऑटनं केलं असेल तेच.

हे करणारं माणूस आज पगारी कर्मचारी म्हणून प्रवासी विमानात नसतं. ते तिकीट काढून येतं. त्याला 'मेडिकल एस्कॉर्ट' म्हणतात : रुग्णाच्या घरच्यांनी किंवा विमा कंपनीनं नेमलेली नर्स, कधी डॉक्टर. आधी डॉक्टरांकडून 'मेडिफ' फॉर्म भरून घ्यायचा, तो विमान कंपनीच्या वैद्यकीय विभागानं मान्य करायचा. मग हिशेब. मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन म्हटलं तर दहा तासांच्या लंडनच्या प्रवासाला १,२०० लिटर. ऑक्सिजन कन्सन्ट्रेटर न्यायचा तर अनेक कंपन्या उड्डाणाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या बॅटऱ्या मागतात, कारण विमान उशिरा सुटणं ही काही अनपेक्षित घटना नाही. रुग्ण आडवाच जाणार असेल तर मागच्या सहा ते नऊ खुर्च्यांच्या पाठी दुमडून वर स्ट्रेचर बसवतात, आणि तितक्या खुर्च्यांचे पैसे मोजावे लागतात. इतर प्रवासी यायच्या आत रुग्ण पडद्यामागे गेलेला असतो. आपल्या मागे एक वॉर्ड उडतो आहे हे पुढच्यांना कळतही नाही.

एस्कॉर्ट नसेल तेव्हा मदत सापडते ती योगायोगानं. १९९५ साली हाँगकाँगहून लंडनला जाणाऱ्या विमानात एका बाईच्या फुप्फुसाभोवती हवा कोंडली. सहप्रवासी असलेले अस्थिशल्यचिकित्सक अँगस वॉलेस आणि एक तरुण डॉक्टर यांनी कोट टांगायची तार आणि पाण्याची बाटली वापरून, ब्रँडीनं निर्जंतुक करून तिच्या छातीत नळी घातली. ती वाचली. ही गोष्ट जगभर चवीनं सांगितली गेली, आणि मला ती थोडी भीतीदायकच वाटते. त्याआधी दहा वर्षं, १९८५ मध्ये, ॲरिझोनातल्या जोन सुलिव्हन गॅरेट या फ्लाइट नर्सनं मेडएअर सुरू केली होती. वैमानिकाला जमिनीवरच्या डॉक्टरचा सल्ला रेडिओवर मिळवून देण्याचं ते काम. एका नर्सच्या डोक्यातून निघालेली ती व्यवस्था होती, पण तिच्यात नर्स जमिनीवरच राहिली.

२०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात जवळपास बारा हजार घटना तपासल्या गेल्या. ६०४ उड्डाणांमागे एक वैद्यकीय अडचण निघाली. निम्म्याच्या आसपास वेळा डॉक्टर प्रवासी धावला, पाचांतल्या एका वेळी नर्स.

आपल्याकडे ही कहाणी नागपुरात येऊन थांबते, कारण देशाच्या मध्यावरून जाणारं विमान अडचणीत बऱ्याचदा तिथे उतरतं. ऑगस्ट २०२३ मध्ये बंगळुरूहून दिल्लीला निघालेल्या विमानात हृदयाची शस्त्रक्रिया झालेलं लहानगं बाळ निळं पडलं. विमानात पाच डॉक्टर होते. ते परिषदेहून परतत होते म्हणून होते, कुणी नेमलं म्हणून नव्हे. त्यांनी त्याची धडधड परत आणली, विमान नागपूरला वळलं. काही दिवसांनी बाळ गेलं.

याच्या उलट टोकाला मुंबईचा २०१७ चा फेब्रुवारी. अलेक्झांड्रियाहून सुमारे पाचशे किलो वजनाच्या तरुणीला शस्त्रक्रियेसाठी आणायचं होतं. मुंबईचे डॉक्टर आधी इजिप्तला गेले, खास पलंग बनवला गेला, मालवाहू एअरबस ठरवलं गेलं, आणि रुग्णालयात तिला क्रेननं उचललं गेलं. पुढे त्या उपचारांवरून बरंच वाजलं. तो प्रवास मात्र आखलेला होता, तासागणिक.

आखलेल्या प्रवासाला खर्च असतो. कोटेशन आलं की घरच्यांची नजर एका ओळीवर अडकते : एस्कॉर्टचं परतीचं तिकीट. जाताना ठीक आहे, येताना ती एकटीच तर येणार, आम्ही का भरायचं? मग त्यांना समजवावं लागतं. ती रुग्णाला तिकडच्या वॉर्डात सोपवते, कागदावर सही घेते, उरलेल्या औषधांची मोजदाद करते. रिकाम्या सिलिंडरांच्या आणि उतरलेल्या बॅटऱ्यांच्या पिशव्या तिला सोबत आणायच्या असतात, पुढच्या रुग्णासाठी. परतीच्या विमानात ती इतरांसारखीच एका खुर्चीवरची प्रवासी असते, आणि बहुतेक वेळा झोपलेली असते.